मतदार कुठे गेला? : व्हिक्टोरियन व्यंगचित्रांच्या मागावर

मंगळवार : फ्लीट स्ट्रीट आणि वेस्टमिन्स्टर

लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर आता छापखान्यांचा आवाज उरलेला नाही. वकिलांची कार्यालये, बँका आणि कॉफीची दुकाने मागे टाकत गेले की 85 क्रमांकाची एक भक्कम दगडी इमारत लागते. वास्तुविशारद एडविन लट्येन्स यांनी ती 1930च्या दशकात वृत्तसंस्थांसाठी बांधली. व्हिक्टोरिया राणीच्या काळात ‘पंच’ या विनोदी व्यंगचित्र साप्ताहिकाचा पत्ता हाच होता, आणि मी तिथे थांबले ती त्या जुन्या पत्त्यासाठी. 1837 ते 1901 या राणीच्या कारकिर्दीत ब्रिटनमधील निवडणुका मुळापासून बदलल्या. भर चौकात ओरडून मत सांगण्याची पद्धत जाऊन मतपेटी आली, मतदारांची संख्या कित्येक पटींनी वाढली, आणि उमेदवाराने किती खर्च करावा यावर कायद्याने मर्यादा घातली. हे सारे घडत असताना राजकीय चित्रे काढणारे लोक नेमके काय पाहत होते आणि काय पाहायचे टाळत होते, याचा माग त्यांच्याच जागांवर जाऊन काढावा, असे बरेच दिवस मनात होते.

‘पंच’चा पहिला अंक 17 जुलै 1841 रोजी निघाला. किंमत होती तीन पेन्स. हेन्री मेह्यू, मार्क लेमन आणि लाकडावर कोरीवकाम करणारे एबेनेझर लँडेल्स ही त्यामागची मुख्य माणसे होती. पैशाची ओढाताण लवकरच सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ब्रॅडबरी आणि इव्हान्स या मुद्रकांनी पत्र ताब्यात घेतले. संपादक, लेखक आणि चित्रकार दर बुधवारी संध्याकाळी एका मोठ्या मेजाभोवती जेवायला बसत, आणि त्या आठवड्याच्या पूर्ण पानी राजकीय चित्राचा विषय तिथेच, खाता-पिता वाद घालून, ठरत असे. हेन्री सिल्व्हर नावाच्या एका सहकाऱ्याने 1858 ते 1870 या काळातील या जेवणांची रोजनिशी लिहून ठेवली आहे. तिच्यावरून दिसते की गाजलेल्या चित्रांच्या कल्पना पुष्कळदा चित्रकाराच्या नसत; संपूर्ण मेजाने मिळून त्या शिजवलेल्या असत. पत्राचे प्रमुख राजकीय चित्रकार जॉन टेनिएल यांनी तर आपली राजकीय मते आपल्यापाशी ठेवून पत्राची मते तीच आपली, असा रिवाजच पाळला होता.

त्या मेजावर सहकाऱ्यांनी आपापली आद्याक्षरे कोरण्याची प्रथा होती. मार्क ट्वेन यांना हा मान देऊ केला तेव्हा कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे यांच्या तीन अक्षरांतील दोन आपल्याला पुरेत, असे म्हणून त्यांनी चाकू परत केला, अशी आठवण सांगतात. हे मेज आता ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहात आहे. थॅकरे यांचे नाव मराठी माणसाच्या कानाला ओळखीचे वाटावे, यात नवल नाही. प्रबोधनकार ठाकरे यांनी आपल्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग याच लेखकाच्या आवडीपोटी तसे केले, असे सांगितले जाते. आणि त्यांच्या चिरंजीवांनी 13 ऑगस्ट 1960 रोजी मुंबईत ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक काढले. बूव्हेरी स्ट्रीट ही ‘पंच’च्या नंतरच्या कार्यालयाची गल्ली नदीकडे उतरते. तिथे पाहण्यासारखे काही नाही. फ्लीट स्ट्रीटवरच्या ‘पंच टॅव्हर्न’मध्ये पत्राचे प्रतीक असलेल्या नाकाड्या मिस्टर पंचची चित्रे मात्र भिंतीवर आहेत.

दुपारी वेस्टमिन्स्टर हॉल पाहिला. 1834 साली संसदेची जुनी इमारत जळाली, पण हा मध्ययुगीन सभागृहाचा भाग वाचला. नव्या इमारतीच्या भिंतींवर काढायच्या भव्य चित्रांची कच्ची रेखाटने 1843 च्या उन्हाळ्यात याच दालनात लोकांना पाहण्यासाठी मांडली होती. अशा कच्च्या रेखाटनांना तेव्हा ‘कार्टून’ म्हणत. त्याच जुलैत ‘पंच’ने जॉन लीच यांचे एक चित्र छापले. त्यात फाटक्या कपड्यांतील, कुबड्या घेतलेली, उपाशी माणसे चित्रप्रदर्शनात उभी राहून श्रीमंतांची तैलचित्रे पाहत आहेत. लोक भाकरी मागत आहेत आणि सरकार त्यांना प्रदर्शन दाखवते आहे, हा त्याचा आशय. त्या चित्राला ‘पंच’ने थट्टेने ‘कार्टून क्रमांक 1’ असे नाव दिले आणि आज जगभर रूढ असलेले नाव तिथून चालू झाले. मला मात्र त्या चित्रातील गर्दी महत्त्वाची वाटते, कारण ‘पंच’च्या राजकीय पानावर खरीखुरी गरीब माणसे पुढे इतक्या संख्येने क्वचितच आली. गंमत अशी की त्याच भित्तिचित्रांच्या कामात तेव्हा तरुण असलेल्या टेनिएल यांनाही संधी मिळाली आणि त्यांनी संसदेच्या एका दालनात सेंट सिसिलियाचे भित्तिचित्र रंगवले. राजकीय चित्रकार म्हणून त्यांचे नाव होण्यापूर्वीची ही गोष्ट.

बुधवार : लिंकन्स इन फील्ड्स आणि ब्रिटिश म्युझियम

व्हिक्टोरियन चित्रांत काय नाहीसे झाले, हे समजायचे तर आधीच्या शतकात काय होते ते पाहावे लागते. त्यासाठी वास्तुविशारद सर जॉन सोन यांचे घर-संग्रहालय गाठले. तिथल्या चित्रदालनाच्या भिंती म्हणजे बिजागऱ्यांवर फिरणारी फळ्यांची दारे आहेत. कर्मचारी ती एकेक करून उघडतात आणि आतल्या थरातील चित्रे दिसू लागतात. विल्यम होगार्थ यांची 1754 च्या ऑक्सफर्डशायर निवडणुकीवरील चार तैलचित्रे सोन यांनी 1823 साली 1,650 गिनींना विकत घेतली, ती इथेच आहेत.

पहिल्या चित्रात उमेदवाराच्या पैशाने झोडलेली मेजवानी आहे, दुसऱ्यात दोन्ही पक्षांचे दलाल एकाच शेतकऱ्याच्या हातात पैसे कोंबत आहेत. तिसरे चित्र मतदानाचे. हात गमावलेला माजी सैनिक बायबलवर आपला लोखंडी आकडा ठेवून शपथ घेतो आहे, मरायला टेकलेल्या माणसाला उचलून मत द्यायला आणले आहे, आणि ज्याला आपण कुठे आहोत हेही कळत नाही अशा एकाच्या कानात कुणीतरी नाव पुटपुटत आहे. चौथ्यात विजयी उमेदवार खांद्यावरच्या खुर्चीतून कोसळण्याच्या बेतात आहे. मी त्या तिसऱ्या चित्रासमोर सर्वांत जास्त वेळ उभी राहिले. तिथे मतदार भ्रष्ट, लाचार, हास्यास्पद आहे, पण तो प्रत्येक चेहऱ्यानिशी तिथे आहे. चित्राचा विषयच तो आहे.

दुपारी ब्रिटिश म्युझियमच्या मुद्राचित्र अभ्यासिकेत आधी वेळ ठरवून जॉन डॉयल यांची शिळाछाप चित्रे पाहिली. हे आयरिश गृहस्थ ‘एच. बी.’ या सहीने 1829 पासून वीसेक वर्षे नऊशेहून अधिक राजकीय चित्रे काढत राहिले, आणि ती कोण काढते हे बराच काळ गुपितच होते. हेमार्केटमधील थॉमस मॅक्लीन यांच्या दुकानाच्या खिडकीत नवे चित्र लागले की लोक जमत. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल हे त्यांचे नातू. आधीच्या पिढीतील व्यंगचित्रकार गिलरेच्या काळातील ओंगळ देह, उघडी पोटे आणि थुंकी इथून अंतर्धान पावलेली दिसतात; चेहरे जवळजवळ हुबेहूब, विनोद सौम्य. दिवाणखान्यात बायका-मुलांसमोर ठेवायला संकोच वाटणार नाही अशी ही चित्रे आहेत. पण सभ्यतेबरोबर आणखी एक गोष्ट झाली, ती एकामागून एक चित्रे उलटताना ध्यानात येते. पील, वेलिंग्टन, मेलबर्न, रसेल अशी तीच ती पाच-दहा राजकारणी माणसे पुन्हा पुन्हा येतात, आणि रस्ता रिकामा होत जातो.

गुरुवार : ब्रिटिश लायब्ररी, 1867 चा खंड

आजचा संपूर्ण दिवस ‘पंच’च्या दोन-तीन खंडांत गेला. हे खंड हायडेलबर्ग विद्यापीठाने संगणकावर खुले केले आहेत आणि घरबसल्या पाहता येतात. तरी कागदावरच्या पूर्ण पानी चित्राचा आकार आणि काळ्या रेषांचा दाटपणा हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

1867 हे वर्ष मुद्दाम निवडले होते. 1832 च्या सुधारणा कायद्याने शहरी मतदारसंघांत दहा पौंड वार्षिक भाड्याच्या घराची अट घालून मध्यमवर्गाला मत दिले होते. 1866 साली लिबरलांचे विधेयक पडले. त्यानंतर लॉर्ड डर्बी आणि बेंजामिन डिझरेली यांच्या अल्पमतातील हुजूर पक्षाच्या सरकारने, विरोधकांवर कुरघोडी करण्याच्या ईर्ष्येने, आधीच्यापेक्षाही पुढे जाणारे विधेयक आणले. शहरांतील कुटुंबप्रमुख कामगारांना मत मिळाले आणि इंग्लंड व वेल्समधील मतदारांची संख्या दहा लाखांच्या आसपास होती, ती जवळपास दुप्पट झाली.

इतकी मोठी घटना टेनिएल यांनी कशी रेखाटली? मार्चमध्ये डिझरेली दारूच्या गुत्त्यातला पोऱ्या होऊन बीअर भरतो आहे आणि मालक डर्बी त्याला, या खेपेस फेस कमी आणि माप पुरे दे, असे बजावतो आहे. मे महिन्यात तोच डिझरेली सुधारणा विधेयकाच्या घोड्यावरून ‘डर्बी’ नावाची प्रसिद्ध घोड्यांची शर्यत जिंकतो, आणि मिस्टर पंच म्हणतात की वजन होईपर्यंत खात्री धरू नका. जूनमध्ये डोळे बांधून अंड्यांमधून नाच. 3 ऑगस्टच्या अंकातील ‘अंधारात उडी’ हे सर्वांत गाजलेले. त्यात घोड्याला डिझरेलीचे तोंड आहे, पाठीवर ब्रिटनचे प्रतीक असलेली ब्रिटानिया डोळे झाकून बसली आहे, समोर ‘सुधारणा’ नावाचे दाट कुंपण आहे आणि मागे उरलेले पुढारी आपापले घोडे आवरत आहेत.

रेखाटन अप्रतिम आहे, यात शंका नाही. घोड्याच्या मानेतील ताण पाहावा आणि टेनिएल यांना एका डोळ्याने दिसत नसे, हे आठवावे. तलवारबाजी शिकताना वडिलांच्या हातून तो गेला होता. तरीही दिवस संपताना मला जाणवत राहिले ते असे की दहा लाख नव्या माणसांना मत मिळते आहे, आणि चित्रात ती कुठेच नाहीत. मुळात ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो माणूस कुंपणापलीकडचा अंधार म्हणून उरला आहे.

जे लोक मतदार होणार नव्हते, त्यांचे चेहरे मात्र या खंडांत भरपूर सापडतात. जॉन स्टुअर्ट मिल यांनी स्त्रियांना मत द्यावे म्हणून त्या विधेयकाला दुरुस्ती सुचवली आणि 20 मे 1867 रोजी ती 73 विरुद्ध 196 मतांनी फेटाळली गेली. त्याआधीच 30 मार्चच्या अंकात मिल महाशय स्त्रियांच्या घोळक्यासाठी वाट काढत, या ‘व्यक्तींना’ जाऊ द्या, असे इंग्लंडचे प्रतीक असलेल्या जॉन बुलला विनवताना दिसतात. थट्टा फार जहरी नाही, पण मिल यांच्या युक्तिवादाला उत्तर देण्याची गरजही त्या पानाला वाटलेली नाही. आयरिश माणसाला वानराचा जबडा देणे तर नेहमीचेच. 22 ऑगस्ट 1857 च्या अंकात हिंदुस्थानातील उठाव म्हणजे एका स्त्री-बालकावर तुटून पडलेला वाघ आणि त्याच्यावर झेपावणारा ब्रिटिश सिंह, असे दोन पानी चित्र आहे. डिझरेली जन्माने ज्यू. त्यांचा बाप्तिस्मा बालपणीच झाला होता, तरी नोव्हेंबर 1867 मध्ये टेनिएल यांनी त्यांना डिकन्सच्या कादंबरीतील मुलांना चोऱ्या शिकवणाऱ्या ज्यू फेगिनच्या रूपात काढले. ‘पंच’ला सौम्य आणि निर्विष म्हणून गौरवणाऱ्यांनी ही पाने सोडून दिलेली असतात.

1868 पासून दृश्य आणखी आटोपशीर होते. डिझरेली पंतप्रधान झाले आणि 14 मार्चला टेनिएल यांनी त्यांना हॅम्लेटच्या वेशात रंगमंचावर उभे केले. बाजूला लिबरल नेते ग्लॅडस्टन हा दुसरा नट प्रमुख भूमिका आपल्याला मिळाली नाही म्हणून धुमसत, आपलीही वेळ येईल, असे म्हणतो आहे. यापुढे बारा-तेरा वर्षे ब्रिटिश निवडणूक म्हणजे या दोघांचे नाटक. 1876 साली राणीला हिंदुस्थानच्या सम्राज्ञीचा किताब देण्याचा कायदा झाला तेव्हा डिझरेली अल्लादिनाच्या खेळातल्या जादूगाराप्रमाणे, जुने मुकुट घेऊन नवे देतो, असे सांगत राणीपुढे उभे आहेत. मुकुटाखालचे कोट्यवधी लोक त्या चित्रात असण्याचा प्रश्नच नव्हता.

स्पर्धक पत्रेही चाळली. ‘फन’ लिबरलांकडे झुकलेले, ‘जूडी’ हुजूर पक्षाकडे. ‘व्हॅनिटी फेअर’ने 30 जानेवारी 1869 रोजी इटलीहून आलेल्या कार्लो पेलेग्रिनी यांचे डिझरेलींचे रंगीत अर्कचित्र छापले आणि पुढच्याच आठवड्यात ग्लॅडस्टन यांचे. तिथे तर पार्श्वभूमीही नाही. कोऱ्या कागदावर एकटा माणूस.

शुक्रवार : 18, स्टॅफर्ड टेरेस, केन्सिंग्टन

आठवड्याचे काम कसे चाले, ते टेनिएल यांनी स्वतः सांगून ठेवले आहे. बुधवारी रात्री विषय मिळायचा, गुरुवारी विचार आणि कच्चे रेखाटन, शुक्रवारी दिवसभर लाकडी ठोकळ्यावर पेन्सिलीने उलटे चित्र, आणि संध्याकाळी कोरक जोसेफ स्वेन यांचा पोरगा तो न्यायला दारात उभा. बॉक्सवूडचे झाड फार जाड होत नाही, म्हणून मोठा ठोकळा लहान तुकडे जोडून केलेला असे. घाईच्या वेळी ते तुकडे सुटे करून अनेक कारागिरांत वाटता येत. मध्यरात्री कोरीवकाम करणाऱ्या या माणसांची नावे फारशी कुणाला माहीत नाहीत.

आजचा शुक्रवार ‘पंच’च्या दुसऱ्या चित्रकाराच्या घरी गेला. लिनली सॅम्बोर्न 1867 पासून पत्रासाठी चित्रे काढत होते आणि 1901 मध्ये टेनिएल निवृत्त झाल्यावर ते प्रमुख झाले. 1875 पासून 1910 साली मृत्यू येईपर्यंत ते या घरात राहिले. घर जवळजवळ जसेच्या तसे टिकले आहे. आत शिरताच डोळ्यांना धाप लागते : विल्यम मॉरिस यांचे भिंतीवरचे कागद, त्यांवर खेटून लावलेल्या शेकडो तसबिरी, रंगीत काचा, चिनी मातीची भांडी, प्रत्येक टेबलावर काही ना काही. त्यांच्या नातीने, रॉसच्या काउंटेसने, हे घर जपले. 1958 साली व्हिक्टोरियन सोसायटी ही वारसा-संस्था स्थापन होण्यामागेही याच घरातील बैठक होती.

सॅम्बोर्न यांना स्मरणातून चित्र काढणे जमत नसे, म्हणून त्यांनी छायाचित्रांचा आधार घेतला आणि हजारोंनी छायाचित्रे साठवली. मागच्या अंगणात स्वतः पोशाख चढवून उभे राहायचे, घोडागाडीच्या चालकाला, पत्नीला, मुलांना उभे करायचे, आणि वरच्या स्नानगृहात निळ्या छटेच्या प्रती धुऊन काढायच्या. ते संगमरवरी टब अजून तिथे आहे. 10 डिसेंबर 1892 च्या अंकात केपपासून कैरोपर्यंत पाय फाकून, हातांत तारायंत्राची तार धरून उभा असलेला साम्राज्यवादी पुढारी सेसिल ऱ्होड्स याच घरातील मेजावर तयार झाला.

या घरात हिंडताना माझ्या कालच्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर मिळाले, असे मला वाटते. इथे राहणारा माणूस सत्तेवर हसत असे, पण तो सत्तेच्या शेजारीच राहत असे. मंत्र्यांना तो क्लबात भेटे, टेनिएल यांना तर 1893 मध्ये नाइट हा किताब मिळाला. कामगार मतदार त्याला भेटे तो चालकाच्या रूपात, आणि तोही दुसऱ्या कुणाचे तरी सोंग घेऊन कॅमेऱ्यापुढे उभा असे.

शनिवार : सडबरी

लिव्हरपूल स्ट्रीटवरून निघून मार्क्स टे येथे गाडी बदलली की एकाच रुळावरची एक छोटी शाखा सफोकमधल्या सडबरीला जाते. चित्रकार गेन्सबरो यांचे हे जन्मगाव. बाजारचौकात त्यांचा पुतळा आहे. मी गेले ते निवडणुकीच्या दुष्कीर्तीसाठी.

डिकन्स यांच्या ‘पिक्विक पेपर्स’मध्ये ईटनस्विल नावाच्या गावची निवडणूक आहे, ती सडबरीवरूनच बेतली असावी असे बरेच जण मानतात. मतदारांना गाडीखान्यात कोंडून दारू पाजलेली, त्यांच्या बायकांना पंचेचाळीस हिरव्या छत्र्या वाटलेल्या, आणि उमेदवाराने बाळाचा मुका घेतला की जमावातून जयघोष! हाब्लो ब्राउन यांनी 1836 मध्ये त्या प्रसंगाचे चित्र काढले, त्यात फलक, बँड, ढकलाढकली आणि लाकडी मंचावरची भाषणे यांची नुसती गर्दी आहे. होगार्थची परंपरा सांगणारे हे शेवटच्या काही चित्रांपैकी एक मानावे लागेल.

खऱ्या सडबरीची गोष्ट कादंबरीच्याही पुढे गेली. 1841 च्या निवडणुकीत इथून डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोम्ब्रे निवडून आले. मीरतजवळच्या सरधन्याच्या बेगम समरूचे हे वारस. तिची अफाट संपत्ती घेऊन विलायतेला आलेले. ब्रिटिश संसदेत बसलेला आशियाई रक्ताचा पहिला सदस्य म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. लाचेच्या आरोपावरून 1842 मध्ये ती निवड रद्द झाली आणि 1844 मध्ये सडबरी या गावाचा प्रतिनिधी पाठवण्याचा हक्कच काढून घेण्यात आला. पुढे डाइस सोम्ब्रे यांना वेडे ठरवून मालमत्तेचा ताबा काढून घेतला गेला. ते पॅरिसला पळाले आणि आपण शहाणे आहोत हे सिद्ध करण्यासाठी जाडजूड पुस्तक छापून 1851 मध्ये वारले. चौकात शनिवारचा बाजार भरला होता. तिथल्या भाजीवाल्याला मी ईटनस्विलबद्दल विचारले, तेव्हा त्याने, आता आम्हाला छत्र्यासुद्धा कुणी देत नाही, असे सांगून मला स्ट्रॉबेरी विकल्या.

रविवार : लीड्सच्या गाडीत

दिवस प्रवासात गेला. वाचायला स्कॉटलंडमधील मिडलोथियन मतदारसंघातल्या 1879-80 च्या प्रचारमोहिमेची कात्रणे होती. सत्तर वर्षांच्या ग्लॅडस्टन यांनी एडिंबरोला जाताना वाटेतल्या स्टेशनांवरही भाषणे केली, वर्तमानपत्रांनी ती शब्दशः छापली, आणि शेवटी अर्ल ऑफ डाल्कीथ यांच्यावर 1,579 विरुद्ध 1,368 मतांनी विजय मिळवला. संपूर्ण देशाने वाचलेल्या या प्रचाराचा मतदारसंघ तीन हजार मतांचा होता, हे लक्षात घेतले तर चित्रकारांनी मतदाराऐवजी वक्त्याकडे का पाहिले, हेही कळते. ‘पंच’चेच चित्रकार हॅरी फर्निस यांनी पुढे ग्लॅडस्टन यांच्या गळ्याला इतकी अवाढव्य कॉलर चढवली की लोक ती खरीच मानू लागले; प्रत्यक्षात ग्लॅडस्टन तशी कॉलर घालत नसत.

सोमवार : पाँटेफ्रॅक्ट

लीड्सहून यॉर्कशायरमधील पाँटेफ्रॅक्टला लोकल गाडी जाते. मोडकळीस आलेला किल्ला आणि ज्येष्ठमधाच्या काळ्या चकत्या, ही या गावाची ओळख. सॉल्टर रो येथील छोट्या संग्रहालयात मी जी वस्तू पाहायला आले होते, ती एक साधी लाकडी पेटी आहे.

1872 पूर्वी उमेदवारांची नावे चौकातल्या मंचावर पुकारली जात, जमलेले लोक हात वर करत, मग मागणी झाल्यास मतमोजणी होई. आणि कोणी कुणाला मत दिले त्याची नाववार पुस्तके छापून विकली जात. जमीनदाराला, गिऱ्हाइकाला, कारखानदाराला ती वाचता येत असत. 18 जुलै 1872 रोजी गुप्त मतदानाचा कायदा झाला आणि त्याखालची संसदेची पहिली निवडणूक 15 ऑगस्टला पाँटेफ्रॅक्टमध्ये झाली. ह्यू चिल्डर्स यांना मंत्रिपद मिळाले होते, आणि त्या काळी मंत्री झाल्यावर पुन्हा निवडून यावे लागे. त्यांना 658 आणि व्हायकाउंट पॉलिंग्टन यांना 578 मते पडली. पेटी लाखेने बंद करायची होती, तेव्हा ज्येष्ठमधाच्या कारखान्यातील शिक्का वापरला. किल्ला आणि घुबड यांचा तो ठसा पेटीवर अजूनही आहे. तिथल्या बाईंनी विचारले की इतक्या दूरून खास यासाठीच आलात का. मी हो म्हटल्यावर त्यांनी पेटीशेजारचा दिवा मुद्दाम सरळ करून दिला.

त्या दिवशी गावात दारू फार थोडी वाहिली आणि कुठे दंगा झाला नाही, असे तत्कालीन वृत्तान्त सांगतात. लोकशाहीच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट झाली. चित्रकाराच्या दृष्टीने पाहिले, तर मंच गेला, वर केलेले हात गेले, आरडाओरडा गेला, आणि एक माणूस आडोशाला जाऊन कागदावर फुली मारतो, एवढेच उरले. त्याचे काय चित्र काढणार? 1883 च्या कायद्याने खर्चावर मर्यादा घातली आणि उरलेसुरले बँड व मेजवान्याही आटोपल्या. काल-परवापर्यंत मी मतदार नाहीसा होण्याचा सगळा दोष ‘पंच’च्या जेवणाच्या मेजावर टाकत होते. त्यात या पेटीचाही वाटा धरला पाहिजे, आणि तो दोष म्हणता येणार नाही.

मंगळवार : फिन्सबरी

परतीचे विमान रात्री होते, म्हणून सकाळी रोझबरी अव्हेन्यूवर गेले. जुन्या फिन्सबरी टाउन हॉलवर दादाभाई नौरोजी यांची स्मृतिपाटी आहे आणि जवळच्या एका लहान रस्त्याला त्यांचे नाव दिले आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवलेले दादाभाई 1886 मध्ये होलबर्नमधून हरले. त्या पराभवाचा उल्लेख करताना पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांनी 1888 साली एडिंबरो येथील भाषणात इंग्रज मतदार ‘काळ्या माणसाला’ निवडून देण्याइतके पुढे गेलेले नाहीत, असे म्हटले. या एका वाक्याने देशभर गदारोळ झाला. दादाभाईंचा वर्ण सॉल्झबरींहून उजळ आहे, असा टोलाही लगावला गेला, आणि ज्यांनी त्यांचे नाव ऐकले नव्हते त्यांनाही ते माहीत झाले. जुलै 1892 मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून ते निवडून आले, तेही बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी.

या मतदारसंघातील क्लार्कनवेलच्या गल्ल्या घड्याळजींच्या होत्या. त्यांतल्या कुणीतरी आडोशाला जाऊन एका पारशी गृहस्थाच्या नावापुढे फुली मारली, म्हणून एक इतिहास घडला. पण त्या घड्याळजीचे चित्र मी आठवडाभरात पाहिलेल्या खंडांत कुठे आढळले नाही.

मुंबईत 1854 पासून ‘पारसी पंच’ निघत होता, तोच पुढे बर्जोरजी नौरोजी यांच्या हाताखाली ‘हिंदी पंच’ म्हणून नावारूपाला आला. लंडनच्या मिस्टर पंचच्या जागी त्याने पंचोबा उभा केला, गुजराती आणि इंग्रजी मजकुराने काँग्रेसची अधिवेशने, व्हाइसरॉय आणि मुंबईचे नगरसेवक रेखाटले. त्याच्यापुढचा पेच निराळा होता. पाँटेफ्रॅक्टची पेटी वापरली गेली त्याच 1872 साली मुंबई महापालिकेचा कायदा झाला आणि 64 सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. बाकी देशात बहुतेकांना मत नव्हतेच. त्यामुळे लंडनच्या चित्रकाराने जो मतदार चित्रातून वगळला, तो मुंबईच्या चित्रकाराला कल्पनेने उभा करावा लागला, आणि त्याने तो अनेकदा अर्ज हातात घेऊन साहेबाच्या दारात तिष्ठणाऱ्या माणसाच्या रूपात काढला.